बिळातला कोळी आणि दाराशी बसलेला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीचं नाव घेतलं की आधी कानांत आवाज येतो आणि मग डोळ्यांपुढे गाव येतं. यंत्रमागांची ती अखंड खटखट! ताना, बाना, धोटा, कांडी हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. सूत कुठून आलं, कसं ताणलं, कुठे तुटलं, यावर इथे पिढ्यान् पिढ्यांची पोटं भरली आहेत. अशा गावातल्या श्रोत्यांपुढे कोळ्याविषयी बोलायचं म्हणजे जाणकारांपुढे बोलणं आहे. कारण कोळी हाही विणकरच, आणि सूत त्याच्या स्वतःच्या पोटातून येतं. आपल्या पूर्वजांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. संस्कृतात कोळ्याला ‘ऊर्णनाभ’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे असा. मुंडकोपनिषदात विश्वाच्या उत्पत्तीसाठी याच प्राण्याचा दृष्टांत घेतला आहे. मराठीने त्याला नाव दिलं ते मात्र जाळं टाकून मासे धरणाऱ्या माणसाचं.

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो कोळी जाळं टाकतच नाही. तो जमिनीत बीळ करून राहतो. बिळाला आतून रेशमाचं अस्तर लावतो, तोंडाशी चार धागे पसरतो आणि रात्र झाली की उंबरठ्यावर येऊन बसतो. धाग्याला एखाद्या रातकिड्याचा पाय लागला की झडप, आणि पुन्हा आत. दिवसा त्याचं नखही दिसत नाही. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण म्हणतो. याचं बरोबर उलट आहे. हा एकदा बिऱ्हाड मांडतो ते बहुधा कायमचं. अंगाने केसाळ, पाय जाड, आकार पसरलेल्या तळहातात भरेल एवढा. इंग्रजीतून आलेलं ‘टॅरेंटुला’ हे त्याचं नाव आता आपल्याकडेही रुळलं आहे.

आणि गंमत अशी, की हा प्राणी माणसं हौसेने पाळतात. काचेच्या पेटीत वीतभर माती भरायची, त्यात कोळी सोडायचा. तो दुसऱ्या दिवशी बीळ खणून आत जातो. त्यानंतर मालकाला दिसते ती मातीची पेटी आणि तिच्यातलं एक भोक! आल्यागेल्याला ‘हा आमचा कोळी’ म्हणून ते भोक दाखवायचं. पोपट बोलतो, कुत्रा शेपूट हलवतो, मासा निदान इकडून तिकडे फिरतो. जो दिसतच नाही तो पाळायचा कशासाठी? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्याच्या मागे दोनतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक मोठा तुकडा आपल्या मुंबई इलाख्यातला आहे.

नावापासून सुरुवात करू. दक्षिण इटलीत टारांटो नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत आढळणाऱ्या एका कोळ्याच्या दंशाने माणूस वेडापिसा होतो आणि नाचत सुटल्याशिवाय बरा होत नाही, अशी समजूत शेकडो वर्षं होती. त्यातून ‘टॅरेंटेला’ हा नाच आला. तो कोळी वेगळ्या कुळातला, आणि बिचारा बऱ्यापैकी निरुपद्रवी. पण युरोपीय लोक अमेरिकेत पोचले आणि त्यांना हे प्रचंड केसाळ कोळी दिसले, तेव्हा आठवलं ते भीतीचं जुनं नाव, आणि तेच त्यांनी चिकटवलं. म्हणजे नावच मुळी उसनं, तेही एका गैरसमजाकडून घेतलेलं.

१७०५ साली मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईंनी सुरिनाममधल्या किड्यांवरचा आपला ग्रंथ छापला. त्यातल्या एका चित्रात असा कोळी चिमुकल्या पक्ष्याला खाताना दाखवला होता. पुढे अनेक विद्वानांनी ते चित्र म्हणजे बाईंची कल्पना असं ठरवून टाकलं. पण १८६३ साली हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्ग-अभ्यासकाचं ॲमेझॉनच्या प्रवासावरचं पुस्तक आलं. त्याने असा कोळी आणि त्याच्या तावडीत सापडलेले पक्षी डोळ्यांनी पाहिले होते. याच पुस्तकात एक छोटीशी नोंद आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती पक्ष्याच्या गोष्टीपेक्षा मोलाची आहे. त्याच्यासाठी किडे गोळा करणाऱ्या एका स्थानिक कुटुंबातली मुलं अशाच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवत होती! शास्त्रज्ञ बाटलीत घालायला कोळी शोधत होते, आणि पोरांनी त्याला केव्हाच घरातला करून टाकला होता.

बिळातल्या कोळ्याकडे चिकाटीने पाहणारा माणूस पुढे युरोपात निघाला. जॉन ट्राहर्न मॉग्रिज हा तरुण इंग्रज क्षयाने आजारी. हवापालटासाठी तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मेन्तोंला हिवाळे काढायचा. तिथल्या बांधांवर बिळाला झाकण लावून राहणारे कोळी त्याला दिसले. त्याने ती बिळं खणली, उभी कापून त्यांची चित्रं काढली, झाकणाची बिजागरी कशी विणलेली असते ते तपासलं. १८७३ साली त्याचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. घाईत असलेल्या माणसाला हे जमलं नसतं असं आपण म्हणू. पण मॉग्रिजपाशी वेळ फार थोडा होता, तरी त्याने तो एका बंद दारासमोर बसून घालवला.

त्याच सुमाराला आसामातून एक वेगळीच बातमी आली. तिथला चहामळेवाला पील याला एक मोठा कोळी सापडला आणि त्याच्या लक्षात आलं, की चिडवल्यावर हा आवाज करतो. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या जेम्स वुड-मेसन यांनी तपासलं, तर कोळ्याच्या तोंडाजवळच्या अवयवांवर राठ केसांच्या ओळी होत्या. त्या एकमेकींवर घासल्या की आवाज निघतो. या जातीच्या नावातच त्यांनी ‘आवाज करणारा’ असा अर्थ घातला. नभोवाणीवर बोलणाऱ्याला हा कोळी जवळचा वाटावा यात नवल नाही. तोही दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आता आपल्याकडे येऊ. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयात आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांतले दोघे आपले मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. उरलेल्यांपैकी एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. साताऱ्यात जन्मलेला हा मिशनऱ्याचा मुलगा ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहायचा. घरातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, कोळी यांच्यावर त्याने इतकं खुसखुशीत लिहिलं, की ती पुस्तकं आजही वाचवतात. पोटापाण्याची त्याची नोकरी होती कस्टम आणि मीठ खात्यात, उरण, रत्नागिरी, कारवार अशा ठिकाणी. हे खातं ध्यानात ठेवा, पुढे कोळ्यांची गाठ त्याच्याशीच पडणार आहे.

सोसायटीचं बिऱ्हाड लवकरच अपोलो स्ट्रीटवर हर्बर्ट फिप्सनच्या मद्याच्या पेढीत हललं. दारूच्या दुकानाच्या आवारात संग्रहालय, आणि त्यात जिवंत प्राणीसुद्धा! तिथे विल्यम नावाचा धनेश पक्षी १८९४ पासून १९२० पर्यंत राहत होता. सेक्रेटरीच्या खुर्चीमागे त्याची जागा होती. सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश दिसतो तो त्याच्यामुळे. पाळीव प्राण्याने मिरवायचं म्हणजे असं. त्याच खोल्यांत बिळातले कोळीही येत होते, पण स्पिरिटच्या बाटल्यांतून. वनाधिकारी, रेल्वेचे साहेब, पाद्री कुठून कुठून ते पाठवत. बाटल्या बोटीने लंडनला जात आणि ब्रिटिश म्यूझियममध्ये रेजिनाल्ड इनेस पोकॉक या माणसाच्या टेबलावर उतरत.

पोकॉकने १८९९ साली भारतातल्या अशा कोळ्यांच्या जाती एकामागून एक जाहीर केल्या आणि १९०० साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत कोळी-विंचवांचा खंड लिहिला. आजही या विषयात काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो. कारवारकडच्या, जांभ्या मातीच्या बांधांत बीळ करणाऱ्या एका दांडग्या कोळ्याला त्याने ‘ट्रुक्युलेंटस’ म्हटलं. मराठीत सांगायचं तर कजाग! दुसऱ्या एका बिळातल्या कोळ्याला त्याने मिलार्डचं नाव दिलं. डब्ल्यू. एस. मिलार्ड फिप्सनच्याच पेढीतला. आपल्याला त्याची ओळख वेगळ्या कारणाने असते. १९०८ साली एक लहान मुलगा पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन सोसायटीत चौकशीला आला, त्याला कपाटं उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला तो या मिलार्डने. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे झेवियर कॉलेजच्या फादर ब्लाटर यांच्याबरोबर मिलार्डने भारतातल्या सुंदर वृक्षांवर पुस्तक लिहिलं, आणि योगायोग असा, की ब्लाटर यांच्या नावाचाही एक कोळी १९३५ साली नोंदला गेला. डोक्यावरच्या फुलांवर पुस्तक लिहिणाऱ्या दोघांची नावं पायाखालच्या बिळांतही राहिली आहेत.

या सगळ्या पराक्रमात एक उणेपणा होता. पोकॉकपुढे होता तो कोळी, बीळ नव्हतं. पाय किती लांब, डोळे कसे, केस कुठे, हे त्याने अचूक लिहिलं. पण बीळ किती खोल, तो किती वर्षं जगतो, पावसात काय करतो, हे बाटलीत कळणार नव्हतं. ते कळायला कोणीतरी कोळी जिवंत ठेवून त्याच्यासमोर बसायला हवं होतं. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातले विल्यम बेर्ग यांनी ते केलं. त्यांनी वर्षानुवर्षं टॅरेंटुला सांभाळले, दंशाचा परिणाम पाहायला स्वतःवर प्रयोग केले, आणि १९५८ साली पुस्तक लिहिलं. मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते आणि नर मात्र वयात आल्यावर थोड्याच काळात संपतो, ही गोष्ट अशा पाळण्यातूनच पक्की झाली. म्हणजे पाळणं हा नुसता छंद नव्हता, तो अभ्यासाचा एक रस्ता होता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा भाग तितका चांगला नाही.

साधारण १९७० नंतर अमेरिकेत आणि युरोपात हे कोळी दुकानांत विकायला आले. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी तर इतका खपला, की १९८५ साली त्याला वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे ‘साइट्स’च्या यादीत घालावं लागलं. मग गिऱ्हाइकांना नवं हवं झालं आणि नजर वळली आपल्याकडे. सह्याद्रीतल्या ज्या कोळ्याला पोकॉकने १८९९ साली ‘किलोब्राकिस फिम्ब्रिएटस’ असं जडजंबाल नाव दिलं, तो परदेशी बाजारात ‘इंडियन व्हायोलेट’ झाला. अंगावर जांभळी झाक, स्वभाव तापट, आणि पेटीत सोडला की बिळाच्या तोंडापासून चहूकडे रेशीमच रेशीम. आपल्या विणकराने परमुलखात नाव काढलं म्हणायचं!

आंध्रातल्या गुत्तीचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत एक कोळी सापडला होता. तो झाडाच्या ढोलीत राहणारा, बिळातला नव्हे. पोकॉकने १८९९ साली त्याची नोंद केली आणि नंतर शंभर वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. २००१ साली अँड्र्यू स्मिथ यांना तो पूर्व घाटातल्या जंगलात पुन्हा सापडला. रंग लखलखीत निळा! थोड्याच वर्षांत युरोपातल्या हौशी लोकांच्या पेट्यांत त्याची पिल्लं वाढू लागली. इकडे त्याचं जंगल मात्र आक्रसत चाललेलं, आणि २००८ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. त्याच्या कुळाला साइट्सचं संरक्षण मिळालं ते २०१९ साली. बिळात राहणारे आपले कोळी त्या यादीत नव्हते. जो दिसत नाही त्याची बाजू मांडायला उभं कोण राहणार?

कोणी म्हणेल, चार कोळी खणून नेले तर काय बिघडलं? हजार पिल्लं घालत असतील की. पिल्लं पुष्कळ होतात हे खरं, पण मोठं होण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं, आणि मोठं व्हायला वर्षं लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी १९७४ साली झाकणाच्या बिळांपाशी क्रमांकांच्या पट्ट्या लावल्या. हे कोळी म्हणजे आपल्या टॅरेंटुलाचे चुलतभाऊ. त्यातल्या सोळा क्रमांकाच्या बिळात एक मादी होती. बाई आणि पुढे त्यांचे सहकारी पुन्हापुन्हा येत, पाहत आणि जात. दशकं उलटली, बाई म्हाताऱ्या झाल्या, सोळा नंबर तिथेच. २०१६ साली पट्टी होती, पण झाकणाला भोक पडलेलं होतं. एका परोपजीवी गांधीलमाशीने डाव साधला होता. वय त्रेचाळीस! आजवर नोंद झालेल्या कोळ्यांत ही सर्वांत दीर्घायुषी. ना ती कधी पेटीत गेली, ना कोणी तिला खणून काढलं. तरी तिच्याइतकं माणसाने निरखलेलं बीळ दुसरं नसेल.

बिळातली अशी एक मादी खणून काढणं म्हणजे एक किडा उचलणं नव्हे. पुढच्या वीस पावसाळ्यांची वीण उचलणं आहे. एका बांधावर दहा बिळं असतील आणि खणणाऱ्याने एका दुपारी दहाही साफ केली, तर तो बांध पुन्हा कधी भरेल कोण सांगणार. आणि बिळाची खूण शोधण्यात जितका तरबेज, तितका तो बांधाचा वैरी, कारण नजर तीच लागते, अभ्यासकाला आणि चोरट्यालाही.

आता वारं उलटंही वाहतं आहे. परदेशी कोळी आपल्याकडे येऊ लागले आहेत. जुलै २०२१ मध्ये चेन्नईला कस्टमच्या अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत लहान लहान कुप्या, चांदीच्या वर्खात आणि कापसात गुंडाळलेल्या. मोजल्या तर त्यांत १०७ जिवंत कोळी. ते सगळे परत पोलंडला धाडण्यात आले. ईएचए असता तर आपल्या खात्याच्या या कामगिरीवर त्याने काय बहारीचं प्रकरण लिहिलं असतं!

कायदाही हळूहळू जागा झाला आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना आपणहून माहिती देण्याची मुभा दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि साइट्सच्या यादीतले प्राणी त्या कायद्याच्या कक्षेत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. तेव्हा घरात असा परदेशी कोळी असेल, तर त्याचे कागद घरात असले पाहिजेत. भिवंडीकरांना कागदांचं महत्त्व सांगायला नको. गोदामातला गठ्ठा असो की कोळी, पावतीशिवाय तो कोणाचाच नसतो.

ज्यांच्याकडे रीतसर कोळी आहे, त्यांच्याकडून ऐकण्यासारखं बरंच असतं. कात टाकायची वेळ आली की कोळी बिळाचं तोंड माती आणि रेशीम यांनी बुजवून टाकतो. आठवडे जातात, कधी महिने. खाणं नाही, हालचाल नाही. नवखा मालक घाबरतो, मेला की काय म्हणून खणून पाहतो, आणि नेमका तेव्हा कात टाकून मऊ पडलेला जीव दुखावतो. मुरलेला मालक पाण्याची वाटी भरून ठेवतो, माती अंमळ ओली ठेवतो आणि गप्प राहतो. मग एके दिवशी बिळाबाहेर जुनी कात फेकलेली दिसते, पाय-बिय सगळं जसंच्या तसं, नुसतं आत कोणी नाही. ही कात पाहून जो आनंदतो, त्याने खुशाल कोळी पाळावा. हातावर घेऊन फोटो काढायची हौस असेल, तर त्याने कृपा करून दुसरा छंद पाहावा. अमेरिकेतल्या जातींना अंगावरचे खाजरे केस झटकून शत्रूला पळवता येतं. आपल्याकडच्यांना ती सोय नाही, त्यामुळे ते सरळ चावतात. त्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही, पण वेदना चांगली होते आणि कधी अंगात कळा येतात.

ज्यांना पेटीचा खटाटोप नको, त्यांना पाहायला आपला मुलूख पडला आहे. वसई आणि भिवंडी यांच्या मधे तुंगारेश्वरचं जंगल आहे, तानसा आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडचे डोंगर आहेत. कोळ्यांच्या बाबतीत हा भाग काही उजाड नाही. २०२१ साली ठाण्याच्या आसपास सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला संशोधकांनी हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, हे अनेकांनी वाचलं असेल. टॅरेंटुला पाहायचा तर रात्री, मंद प्रकाशाचा दिवा घेऊन, बांधाच्या उभ्या मातीत रुपयाएवढं गोल, काठाला रेशमाची कडा असलेलं भोक शोधायचं. काडी घालायची नाही, पाणी ओतायचं नाही. हात दोन हात लांब बसायचं. पहिल्या तासात काही दिसलं नाही तर ते रास्तच समजायचं.

आणि पावसाळ्यात तो कधी आपणहून भेटतो. वयात आलेला नर बीळ कायमचं सोडून मादीच्या शोधात निघतो आणि भटकता भटकता एखाद्या घराच्या पडवीत, न्हाणीघरात शिरतो. घरात ओरडाआरडा होते, चप्पल शोधली जाते. त्याच्याकडे आयुष्याचे थोडेच महिने उरलेले असतात. एक मोठा डबा त्याच्यावर हलकेच पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, आणि कुंपणापलीकडे, झाडाच्या बुंध्याशी नेऊन सोडा. तो कुठे गेला ते पाहत थोडा वेळ उभे राहिलात तरी चालेल. पाऊस थांबला असेल, तर.